कॅल्शियमाधिक्य, कर्करोगजन्य
कॅल्शियमाधिक्य, कर्करोगजन्य : कर्करोगाच्या काही रुग्णांत रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण बेसुमार वाढते, त्या अवस्थेस ही संज्ञा आहे. निरोगी प्रौढाच्या रक्तरसात दर १०० मिलि. मध्ये सु. ८·५ ते १०·५ मिग्रॅ. कॅल्शियम असते. ते १४ मिग्रॅ. च्या पुढे गेल्यास मळमळ, बद्धकोष्ठ, न शमणारी तहान, गुंगी व अखेर बेशुद्धी उद्‌भवते. या विकाराच्या कारणाचा महत्त्वाचा पुरावा मूत्रात मिळाला आणि विकार टिकून राहण्यातही मूत्रपिंडाचा वाटा असतो.

मूत्रपिंडातून रोज सु. १० ग्रॅ. कॅल्शियम गाळले जाते, त्यापैकी सु. ९८ टक्के सूक्ष्म नलिकांतून पुन्हा रक्तात शोषले जाते. परावटू ग्रंथींचे हॉर्मोन या शोषणाचे नियमन करते. त्याच्या प्रभावाने कॅल्शियम राखले जाते, फॉस्फेट मूत्रावाटे बाहेर टाकले जाते आणि ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार होते. नलिकेच्या कोशिकांत (पेशींत) हा संदेश सायक्लिक एएमपी या संयुगामार्फत पोहोचतो. त्याचा काही अंश मूत्रात उतरत असल्यामुळे हॉर्मोनाच्या क्रियेचे मापन मूत्रावरून करता येते. चेस व ऑरबाक यांनी हा संबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध केला.

कर्करोगात अस्थी पोखरल्या जाऊन कॅल्शियम वाढते, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. १९४१ मध्ये फुलर ऑल्ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णासंबंधी वेगळा तर्क मांडला. केवळ अस्थिनाश झाला असता, तर फॉस्फेटही वाढावयास हवे होते. ते उलट घटलेले होते. तेव्हा अर्बुद (गाठ) स्वतःच परावटू हॉर्मोनासारखा पदार्थ स्रवत असावे, असे त्यांनी सुचविले. पुराव्याच्या मानाने तर्क धाडसी होता, पण पुढे तो मुख्यतः खरा ठरला.

स्ट्यूअर्ट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशा रुग्णांची जैवरासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. मूत्रातील एकूण सायक्लिक एएमपीमधून रक्तातून गाळून आलेला भाग वजा केला, म्हणजे मूत्रपिंडाने स्वतः निर्मिलेला भाग उरतो. बहुतेक रुग्णांत तो वाढलेला होता. उरलेल्यांत, म्हणजे जेथे अस्थींचा स्थानिक नाश हेच कारण होते तेथे, तो कमी होता. पहिल्या गटात मूत्रपिंड हॉर्मोनाला प्रतिसाद देत होते, परंतु रक्तात खरे परावटू हॉर्मोन वाढलेले नव्हते. याचा उलगडा १९८७ मध्ये झाला. मार्टिन, मोझली व सहकाऱ्यांनी मेलबर्न येथे फुप्फुसाच्या अर्बुदकोशिकांतून एक प्रथिन वेगळे केले. परावटू हॉर्मोनातील ॲमिनो अम्ले ८४, तर या प्रथिनाच्या एका रूपात १४१; मात्र पहिल्या तेरांपैकी आठ दोहोंत समान आहेत. त्यामुळे नलिकेवरील एकच ग्राही दोघांनाही स्वीकारतो आणि कॅल्शियम अधिकच वाढत असताही मूत्रपिंड ते राखून ठेवू लागते. साम्य पूर्ण नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे : परावटू ग्रंथींच्या अतिक्रियेत क्रियाशील ड जीवनसत्त्व वाढते, तर या विकारात ते बहुधा कमी आढळते. या फरकाचे समाधानकारक स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही.

वाढलेल्या कॅल्शियमामुळे मूत्रपिंड पोष ग्रंथीच्या मूत्ररोधी हॉर्मोनाला दाद देईनासे होते. लघवी वारंवार व भरपूर होते, मळमळीमुळे पाणी पोटात टिकत नाही आणि शरीर शुष्क पडते. मग गाळण मंदावते, नलिका सोडियमाबरोबर कॅल्शियमही अधिक शोषतात आणि विकार स्वतःलाच पोसत राहतो. म्हणून उपचाराचा आरंभ शिरेवाटे लवणजल देऊन करतात. अस्थींचे विघटन रोखणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे त्यानंतर दिली जातात. ती प्रभावी आहेत, पण नलिकांतील कॅल्शियमाचे शोषण ती थांबवीत नाहीत. मूळ अर्बुदावर उपचार न झाल्यास कॅल्शियम बहुधा काही आठवड्यांत पुन्हा चढते.

[⟶ कर्करोग, परावटू ग्रंथि, मूत्रपिंड].