संक्रांतीनंतर चार दिवसांनी

मराठीत एखाद्यावर संक्रांत येते आणि एखाद्याचं पानिपत होतं. दोन्ही वाक्प्रचार आपत्तीचे, आणि बहुतेकांच्या मनात दोन्ही एकाच तारखेला चिकटलेले: १४ जानेवारी. पानिपतची तिसरी लढाई ऐन संक्रांतीला झाली, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दर जानेवारीत कुणीतरी ते नव्याने सांगतंच. यातली तारीख बरोबर आहे. संक्रांत चुकली आहे.

लढाईचा दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. इंग्रजी हिशेबाने १४ जानेवारी १७६१. त्या वर्षी सूर्य मकर राशीत शिरला तो १० जानेवारीच्या सुमारास. म्हणजे संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते. आपली संक्रांत चालते निरयन वर्षावर, ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या. हे वर्ष ३६५ दिवस, सहा तास आणि वर नऊ मिनिटांचं. भिंतीवरची ग्रेगरी दिनदर्शिका ऋतूंना धरून चालते, आणि तिचं सरासरी वर्ष वीसेक मिनिटांनी आखूड. ही वीस मिनिटं साचत साचत बहात्तरेक वर्षांत एक दिवस होतो, आणि संक्रांत एक घर पुढे सरकते. खात्री करायची तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख पाहावी. ते संक्रांतीला जन्मले, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. अलीकडे, २०२४ साली, आपण तिळगूळ वाटला तो १५ तारखेला. १४ जानेवारी हा संक्रांतीचा एक मुक्काम आहे, घर नव्हे.

मग लढाई १४ लाच का झाली? मुहूर्त पोटाने काढला होता. १७६० च्या नोव्हेंबरपासून सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतला खंदकांआड अडकली होती. अब्दाली यमुना उतरून दक्षिणेला आला होता. दिल्लीची वाट त्याच्या पलीकडे राहिली. रसदीचा मोठा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, बाजारबुणगे होते; खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांहून कितीतरी अधिक. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने नंतर फारसीत हकीकत लिहून ठेवली. तीत शेवटच्या रात्रीचं चित्र आहे: सरदार भाऊंकडे आले आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं म्हणाले. धान्य आणखी आठवडाभर पुरतं, तर आज आपण निराळीच तारीख पाठ करत असतो.

तारखेपेक्षा तिथी इथे जास्त बोलते. शुद्ध अष्टमी म्हणजे सूर्य मावळताना अर्धा चंद्र ऐन माथ्यावर, आणि तो मावळणार मध्यरात्रीच्या सुमाराला. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि फौज फुटली. पळणाऱ्यांचा पाठलाग त्या चांदण्यात चालू राहिला. ‘१४ जानेवारी’ या दोन शब्दांत त्या रात्री किती उजेड होता ते कळत नाही. ‘अष्टमी’ या एका शब्दात कळतं. अमावास्या असती तर आणखी काहीजण तरी अंधाराच्या आडोशाने सुटले असते, असं मला नेहमी वाटतं.

आणि ही इंग्रजी तारीख तरी कुठे पक्की होती? इंग्रजांनी आपलं पंचांग दुरुस्त केलं ते १७५२ साली. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. ही दुरुस्ती आणखी दहा वर्षं रखडली असती तर इंग्रजी कागदांत पानिपत ३ जानेवारीला लागलं असतं. नानासाहेब पेशव्यांना त्याचं काय होतं म्हणा. मदतीला उत्तरेकडे निघालेल्या त्यांच्या हाती वाटेत पडलं ते सावकारी भाषेतलं पत्र, मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या हिशेबाचं. २३ जून १७६१ ला ते पर्वतीवर वारले.

१४ जानेवारीलाच जन्मलेल्यांत चिंतामणराव देशमुख आहेत, दुर्गा खोटे आहेत. पण जन्मतारखांचे योगायोग मला फारसे बोलके वाटत नाहीत. माणसांनी मुद्दाम निवडलेल्या तारखा वेगळ्या. १४ जानेवारी १९६९ ला, पोंगलच्या दिवशी, मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं. या नावासाठी शंकरलिंगनार यांनी १९५६ साली उपोषण करून प्राण दिला होता. नाव बदललं तेव्हा मुख्यमंत्री होते अण्णादुराई. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच ते गेले.

पंचवीस वर्षांनी तीच तारीख मराठवाड्यात आली. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ लाच केला होता. त्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. ठरावाला साडेपंधरा वर्षं होत आली तेव्हा, १४ जानेवारी १९९४ ला, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागलं. जुनं नाव गेलं नाही, त्याच्याआधी नवं जोडलं गेलं. म्हणून शब्दही ‘नामांतर’ न राहता ‘नामविस्तार’ झाला. आजही या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी माणसांचा पूर लोटतो, आणि त्याच दिवशी पानिपतच्या काला आंबला महाराष्ट्रातून गेलेली माणसं माथा टेकतात. एकीकडे मिळवल्याची आठवण, दुसरीकडे गमावल्याची. दोन्ही गर्दींत एकच चेहरा क्वचितच सापडेल.

राहता राहिली पानिपतची खरी संक्रांत. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवतीतल्या ताऱ्यापासून धरतं, म्हणून प्रचलित पंचांगाशी त्याचा चारेक अंशांचा फरक पडतो. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. त्यामुळे हे पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या काही घरांत संक्रांत चार दिवस आधीच होते. शेजारी हसतात. ते मात्र १० जानेवारीला वाटीत हलवा भरून दारात उभे असतात.