ऑनर्सच्या प्रवेशाचा अदमास

अमेरिकेत शाळेच्या अखेरच्या वर्षात असलेल्या मुलामुलींना दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास एक प्रश्न भेडसावू लागतो. चांगले गुण असलेल्या विद्यार्थ्याला आपल्या राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळेल, अशी बऱ्यापैकी खात्री वाटते. पण त्याच विद्यापीठाच्या ऑनर्स कार्यक्रमात आपण घेतले जाऊ काय, हे त्याला सांगता येत नाही. मग शेजारच्या मुलाचे गुण, मागील वर्षीच्या निवडीचे आकडे आणि ऐकीव गोष्टी यांवरून तो आपल्या संधीचा अदमास बांधू लागतो. हा अदमास ज्याच्या त्याच्या कुतूहलाचा विषय वाटला, तरी त्याच्या पोटात समान संधीचा प्रश्न दडलेला आहे.

अमेरिकेतील राज्य विद्यापीठांचा ऑनर्स कार्यक्रम हा आपल्याकडील ऑनर्स पदवीहून निराळा असतो. अवाढव्य विद्यापीठाच्या पोटातले ते एक छोटे महाविद्यालयच म्हणावे लागेल. लहान वर्ग, प्राध्यापकांशी निकटचा संबंध, पुष्कळ ठिकाणी वेगळे वसतिगृह आणि अखेरीस एक प्रबंध, असे त्याचे स्वरूप असते. ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या फ्रँक आयडेलॉट यांनी स्वार्थमोर या खाजगी महाविद्यालयात १९२२ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. राज्य विद्यापीठांत तिचा प्रसार करण्यात कोलोरॅडो विद्यापीठाचे जोसेफ कोहेन यांचा मोठा वाटा होता. १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेतकरी-कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे विद्यार्थ्यांची रीघ लागली, आणि या गर्दीत हुशार विद्यार्थी हरवू नये, ही चिंता १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेल्यावर अधिकच तीव्र झाली. महागड्या खाजगी विद्यापीठांतले शिक्षण सामान्य घरातल्या मुलाला राज्याच्या फीमध्ये मिळावे, हे या कार्यक्रमांचे खरे समर्थन आहे.

तेव्हा येथे प्रवेश कोणाला मिळतो, हे महत्त्वाचे ठरते. आणि अडचण नेमकी तेथेच आहे. आपल्याकडे शेवटच्या प्रवेशाचे गुण यादीत छापले जातात आणि त्यांच्या वर असलेला विद्यार्थी निश्चिंत होतो. तेथे अशी रेषा सहसा नसते. शाळेतील गुण, निवडलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध आणि शिक्षकांची शिफारस यांचा एकत्रित विचार होतो. मिशिगन विद्यापीठात पदवीच्या सर्वसाधारण प्रवेशासाठी एके काळी १५० गुणांचा तक्ता होता आणि १०० गुण झाले की प्रवेश निश्चित मानला जाई. त्यात शालेय गुणांना ८०, राज्याच्या रहिवाशाला १० आणि प्रवेश-चाचणीला फार तर १२ गुण असत. अल्पसंख्य गटांतील अर्जदारांना त्यात सरसकट २० गुण मिळत. त्या कारणावरून २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. एका प्रश्नाचा निकाल लागला. पण तक्त्यासोबत अर्जदाराला घरबसल्या करता येणारा हिशेबही गेला.

आकडे मुळीच प्रसिद्ध होत नाहीत असे नाही. बहुतेक मोठी विद्यापीठे दरवर्षी ठरावीक नमुन्यात अर्ज, प्रवेश आणि गुणांची माहिती जाहीर करतात. मात्र हे आकडे संपूर्ण विद्यापीठाचे असतात. ऑनर्सचा वेगळा हिशेब त्यांत नसतो. शिवाय आकडे वाचण्यातही चूक होते. समजा, निवडलेल्या ३०० विद्यार्थ्यांपैकी २४० जण आपापल्या शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत होते. हे वाचून पहिल्या दहा टक्क्यांतला विद्यार्थी आपली संधी शेकडा ऐंशी धरतो. पण अर्ज करणाऱ्यांत असे २,४०० विद्यार्थी असतील, तर त्याची संधी शेकडा दहाच भरते. निवडलेल्यांत आपल्यासारखे किती, हा एक प्रश्न आणि आपल्यासारख्यांपैकी किती निवडले गेले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळते. हवे असते ते दुसऱ्याचे.

अवास्तव आशेने अर्ज करणारा फार तर एका नकाराचा धनी होतो. त्याहून मोठे नुकसान आपली संधी कमी लेखणाऱ्याचे होते, कारण तो अर्जच करीत नाही आणि त्याची संधी शून्यावर येते. ही चूक सर्व घरांत सारख्या प्रमाणात होत नाही. कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, उत्तम गुण असलेले गरीब घरांतील बहुसंख्य विद्यार्थी निवडक महाविद्यालयांकडे अर्जच करीत नाहीत. मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये सुरू केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. राज्यातील गरीब पण गुणी विद्यार्थ्यांना एक पत्र पाठविण्यात आले : प्रवेश मिळाल्यास चार वर्षांची फी माफ. त्यांतील बहुतेकांना नेहमीच्या नियमांनीही जवळपास इतकीच मदत मिळाली असती; प्रवेशाचा निकषही सैल केलेला नव्हता. तरीही पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केले, न मिळालेल्यांपैकी फक्त २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे प्रमाणही १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. या मुलांची गुणवत्ता एका पत्राने वाढली नव्हती. वाढला तो भरवसा.

ही विद्यापीठाच्या पहिल्या दाराची कथा. ऑनर्सच्या दुसऱ्या दाराशी माहिती आणखी तुटपुंजी आणि निबंध मात्र जादा, तेव्हा तेथे संकोच अधिकच असणार. सुस्थितीतील पालक पैसे मोजून सल्लागार गाठतात. कारकुनाच्या वा कामगाराच्या मुलाला शाळेतल्या एखाद्या शिक्षकाखेरीज आधार नसतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही यात निराळी ओढाताण होते. गुणांच्या यादीवर वाढलेल्या आईवडिलांना रेषा हवी असते आणि ती नाही म्हटल्यावर निवड लहरी वाटू लागते. वस्तुतः ती सर्वस्वी लहरीही नसते आणि सर्वस्वी मोजताही येत नाही.

निवडीत माणसाचा निर्णय राहणारच आणि तो राहावाही. पण जनतेच्या करातून चालणाऱ्या संस्थेने ऑनर्ससाठी किती अर्ज आले, किती स्वीकारले आणि कोणत्या गुणश्रेणीतून किती घेतले, एवढे तरी दरवर्षी छापावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. पुष्कळ विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर नंतरही ऑनर्समध्ये प्रवेश मिळू शकतो. ही गोष्ट नकाराच्या पत्रातच ठळकपणे सांगितली पाहिजे.

विद्यार्थ्यानेही अदमास जरूर बांधावा; पण तो कोठे आणि किती अर्ज करावेत, हे ठरविण्यापुरता. आपली लायकी ठरविण्याचे ते माप नव्हे. पात्र मुलाला निवड समितीने नाकारले तर निदान त्याचा अर्ज कोणी तरी वाचलेला असतो. जो स्वतःच स्वतःला नाकारतो, त्याची नोंद कोणत्याच आकडेवारीत होत नाही, आणि राज्य विद्यापीठे ज्याच्यासाठी निर्माण झाली, तो बहुधा त्याच्याच घरातला असतो.