क्लचवरचा पाय वेळेवर काढा, खर्च वाचवा

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराबाहेर पिकअपची रांग लागली की मधूनच जळका वास येतो. तो वास क्लच प्लेटचा असतो. २० किलोचे ६० क्रेट म्हणजे १,२०० किलो माल, क्रेटचं वजन वेगळंच. एवढा बोजा हाफ क्लचवर इंच इंच रेटला, तर मालाच्या पट्टीतले पैसे गॅरेजवाल्याकडे जायला वेळ लागत नाही.

क्लच प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की ती सुटते, सोडलं की धरते. अर्धवट दाबलं की ती घसरते, तापते आणि तिचं लायनिंग झिजतं.

गाडी उचलताना पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. मग पाय सावकाश वर येऊ द्या. इंजिनचा आवाज जरा बसला, गाडी थरथरली की समजा, क्लच धरला. पाय क्षणभर तिथंच थांबवा, हलकी रेस द्या. गाडी हलली की पाय पेडलवरून पूर्ण बाजूला घ्या. रांगेत थांबायचं तर न्यूट्रल करा. पुढच्या गाडीनं चांगली जागा सोडली की मगच पुढं सरका.

आणे किंवा माळशेज घाटात चढावर थांबावं लागलं, तर गाडी क्लचवर तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा. निघताना क्लच धरल्याची खूण पटली की मगच हँडब्रेक सोडा. उतारावर मात्र क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. इंजिनची ओढ सुटते आणि सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. उसाची भरलेली ट्रॉली मागं असेल तर ती ट्रॅक्टरलाच ढकलते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. चढावर किंवा चिखलात रुतल्यावर रेस वाढवून क्लच झटक्यात सोडला, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं चालकावर उलटू शकतो. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो रिव्हर्समध्ये सावकाश काढावा.

रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असं झालं की क्लच तपासून घ्या. पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवा.

सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. हंगामाआधी एक दिवस मोकळ्या मैदानात गावातल्या नव्या चालक पोरांना जमवा, जाणता मेकॅनिक बोलवा आणि रिकाम्या गाडीवर क्लचचा सराव करून घ्या. परवाना पाहूनच गाडी हाती द्या. भरलेली ट्रॉली घाटात घेऊन जाण्याआधी पायाला क्लच कळलेला बरा.