जालना जिल्ह्यातला लग्नाचा बँड

जालना जिल्ह्यात ‘बँड पार्टी’ म्हणतात ती बहुतेक वेळा एका भावकीची असते. दोन-तीन चुलते, त्यांची मुलं, एखादा मेहुणा आणि सोयऱ्यांच्या गावाहून बोलावलेला क्लॅरिनेटवाला, असा पंधरा-वीस जणांचा ताफा. ज्याच्या घरी वाद्यं आणि कपड्यांची पेटी असते तो मालक. चाल बसवतो तो मास्तर. लहान पार्टीत दोन्ही एकच माणूस. जालन्यासारख्या शहरातल्या मोठ्या पार्ट्यांत भावकीबाहेरचे, मुस्लिम वादकही असतात.

यांपैकी बहुतेक घरं बँडच्या आधीपासून वाजवत आली आहेत. मराठवाड्यात गावकीचं वाजंत्रीपण मुख्यतः मातंग समाजाकडे होतं. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या आणि लग्नात, पोळ्याला, देवीच्या मिरवणुकीत, मयतीला हलगी वाजवायची. मोबदला सुगीत धान्याचा. हा मान होता असं म्हणण्याची रीत आहे. पण नाही म्हणायची सोय नव्हती, हेही तितकंच खरं. १९५६च्या बौद्ध धर्मांतरानंतर महार समाजाने गावकीची कामं टाकली, त्यांत वाजवणंही होतं. मातंगांतही हलगी कायमची खुंटीला टांगणारे निघाले. ज्यांनी टांगली नाही त्यांच्यातल्या अनेकांना बँडने वाट करून दिली. हात तेच, पण आता सुपारी ठरते, इसार आधी मिळतो आणि दर पटला नाही तर नकार देता येतो.

पितळी वाद्यं मूळची लष्कराची. निजामाच्या राज्यात जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. अशा छावण्यांतल्या पलटणींच्या बँडमधून कॉर्नेट, युफोनियम, साइड ड्रम लोकांच्या कानांवर पडले, संस्थानिकांच्या दारी गेले आणि तिथून लग्नाच्या मांडवात. आता देशभरच्या बँडवाल्यांचा बराचसा माल मेरठच्या जली कोठी भागातून येतो. पलटणीची खूण गणवेशात उरली आहे. खांद्यावरची सोनेरी झालर आणि कडक टोपी मे महिन्यातल्या जालन्यात, चाळीसच्या वरच्या उन्हातही उतरत नाही.

वाजवण्याची मांडणी मात्र पलटणीची नाही. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट गाण्याची ओळ घेतं, बाकीची पितळी वाद्यं तीच ओळ एकसुरात उचलतात. निरनिराळ्या स्वरांची हार्मनी क्वचितच. युफोनियम कधी खालच्या सप्तकात तीच चाल धरतं, कधी नुसता षड्ज लावून ठेवतं. जुन्या सनईच्या जोडीत एक जण चाल वाजवायचा आणि दुसरा सूर धरायचा, त्याचंच हे पितळी रूप. कागदावर काही लिहिलेलं नसतं. मास्तर ओळ गुणगुणतो, पोरं बोटं बसवतात. बँडवाल्याची तालीम वरातीतच होते. दहा-बारा वर्षांचा मुलगा आधी खुळखुळा धरतो, मग झांज, मग साइड ड्रम. फुंकीचं वाद्य दम आणि ओठ तयार झाल्यावर हाती येतं.

पितळेच्या गर्दीत हलगी टिकून आहे. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघायच्या आधी मारुतीच्या देवळामागे कडब्याचा जाळ करतात. हलगीवाला कातडं त्यावर फिरवतो, टिपरू टाकून बघतो, पुन्हा फिरवतो. दमट कातडं ‘भद्द’ बोलतं, तापलेलं ‘कडाड’. अलीकडे फायबरचं पान आलं, त्याला जाळ लागत नाही. जुने वादक त्याला पत्र्याचा आवाज म्हणतात.

बँडवर वर्षभर कोणाचं भागत नाही. बाकीच्या दिवसांत कोणी मोंढ्यात हमाली करतं, कोणी औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात, कोणी कापूस वेचायला. ऊसतोडीला गेलेले दिवाळीनंतरच्या लग्नसराईला नसतात. साखर कारखाने बंद झाल्यावर ते परततात आणि एप्रिल-मेमध्ये ताफा भरतो. म्हणून एकाच पार्टीचा आवाज तुळशीच्या लग्नानंतर वेगळा आणि अक्षय्य तृतीयेला वेगळा. लग्नाखेरीज १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि १ ऑगस्टची अण्णाभाऊ साठे जयंती ही हक्काची कामं.

पाऊस गेला की सुपारीही जाते. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. अशा सालांत लग्नं पुढं ढकलली जातात किंवा सामुदायिक सोहळ्यात उरकतात, आणि मग अनेक नवरदेवांना मिळून एकच पार्टी पुरते. २०२० आणि २०२१ या सलग दोन उन्हाळ्यांच्या लग्नसराया टाळेबंदीत बुडाल्या.

डीजेचं आव्हान जुनं झालं. त्याला तोंड द्यायला पार्ट्यांनी हातगाडीवर किंवा टेम्पोत कर्णे, बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड चढवले. एक गाणारा घेतला. त्यामुळे फुंकणारे कमी झाले, कारण एक कीबोर्ड चार ट्रम्पेटांचा रोज वाचवतो. रात्री दहानंतर भोंगे बंद करण्याचा २०००चा नियम डीजेइतकाच या गाडीलाही लागतो.

आषाढात हिशेब होतो. इसार, उचल, ओवाळून टाकलेल्या नोटांची वाटणी, सगळं मालकाच्या वहीतून सुटतं. ट्रम्पेटच्या कळांना तेल देऊन वाद्यं फडक्यात गुंडाळली जातात. हलगी मात्र बाहेरच राहते, कारण श्रावणी अमावास्येला पोळा असतो आणि बैलांपुढं अजून तीच लागते.