वाटेतच वितळणारी पावडर

समुद्रात काम करणाऱ्या यंत्राच्या हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये सगळ्यात जास्त सोसतो तो पिस्टनचा दांडा. सतत आत-बाहेर करायचं आणि खारं पाणी अंगावर घ्यायचं. त्यावर गंजाचा एक खड्डा पडला, तरी सील खरवडलं जाऊन तेल गळू लागतं. म्हणून दांड्यावर हार्ड क्रोम चढवतात; आपल्या पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातही हीच जुनी रीत आहे. पण क्रोमच्या थराला मुळातच अतिसूक्ष्म भेगा असतात. त्यांतून पाणी पोलादापर्यंत पोचलं, की गंज खालून पसरतो आणि थर सुटू लागतो. प्लेटिंगच्या टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम तर कर्करोगकारक. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही.

यावरचा एक भक्कम पर्याय जर्मनीतल्या आखेन शहरात, फ्राउनहोफर लेसर तंत्रज्ञान संस्थेत तयार झाला. त्याचं नाव 'एहला', म्हणजे अतिवेगवान लेसर क्लॅडिंग.

लेसरने धातूवर धातू चढवणं नवं नव्हतं. जुन्या पद्धतीत लेसर दांड्याचा पृष्ठभाग वितळवतो आणि त्या वितळलेल्या डबक्यात मिश्रधातूची पावडर पडते. पावडर वितळायला वेळ लागतो, म्हणून सगळं सावकाश चालतं: मिनिटाला फार तर २ मीटर. तोवर खालचं लोखंडही वर मिसळतं, आणि गंज रोखायला आणलेल्या थरातच लोखंड शिरलं तर थराचा कस उतरतो. मग थर जाड द्यावा लागतो.

एहलामध्ये बदललं ते पावडर वितळण्याचं ठिकाण. लेथसारख्या यंत्रावर दांडा गरगर फिरतो. वरच्या नोझलमधून मधोमध लेसर उतरतो आणि भोवतीने पावडरीचा झोत येतो. दोघांची गाठ पृष्ठभागाच्या किंचित वर पडते. कण हवेतच वितळतात आणि द्रवरूपात दांड्यावर पोचतात. पोलादाचं अगदी वरचं पापुद्र्याएवढं अंग वितळलं तरी पुरतं. थर त्याच्याशी एकजीव होतो, लोखंड मात्र फारसं वर येत नाही. वेग मिनिटाला ५०० मीटरपर्यंत जातो आणि थर ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर इतका पातळ देता येतो.

कारखानदाराच्या भाषेत सांगायचं, तर मिनिटाला ५०० चौरस सेंटिमीटर या दराने १०० मिलिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा दांडा सहा-सात मिनिटांत झाकून होतो. जुन्या लेसर पद्धतीला त्याच कामाला तासाहून जास्त लागे. पावडरही सुमारे ९० टक्के कामी येते. नेदरलँड्समध्ये १० मीटरपर्यंत लांबीच्या सागरी सिलिंडरांवर असे थर चढवले गेले आहेत. एहलाच्या कामासाठी थॉमस शॉपहोफेन, आंद्रेस गासर आणि गेरहार्ड बाकेस यांना २०१७चं योसेफ फॉन फ्राउनहोफर पारितोषिक मिळालं. मला त्यांचं मोठं कौतुक वाटतं, कारण त्यांनी नवा धातू शोधला नाही. लेसर आणि पावडर यांची भेट थोडी अलीकडे आणली.

मर्यादाही आहेत. गोल, फिरवता येणाऱ्या वस्तूंवर ही पद्धत खुलते. वेड्यावाकड्या आकारांवर तेवढी नाही. नंतर ग्राइंडिंग करावंच लागतं. यंत्रही महाग. पण आपल्या उद्योजकांनी ती किंमत क्रोमच्या दराशी ताडून पाहताना, टाकीजवळ आठ तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांचा खर्चही त्या हिशेबात धरावा.