बेसबॉलच्या तक्त्याचा ताळा

क्रिकेटच्या धावफलकात फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा मिळवल्या की संघाची धावसंख्या येते. बेसबॉलच्या तक्त्याला, म्हणजे बॉक्स स्कोअरला, याहून सुंदर ताळा आहे. त्यात धावा नव्हे, माणसं मोजतात.

हा तक्ता रुजवणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे. अमेरिकेत ते आधी क्रिकेटचंच वार्तांकन करत. १८५९ साली त्यांनी बेसबॉलसाठी असा तक्ता छापला.

ताळ्यामागचा विचार असा. फलंदाज चेंडू टोलवो किंवा गोलंदाजाच्या चुकीने फुकट पहिल्या बेसवर जावो, त्या खेपेचा शेवट तीनच प्रकारे होतो. तो सगळे बेस फिरून घरी, म्हणजे होम प्लेटवर, येतो आणि धाव होते. तो बाद होतो. किंवा डाव संपतो तेव्हा बेसवरच अडकून राहतो. चौथी वाट नाही. म्हणून नेहमीच्या नऊ डावांत धावा, बाद आणि अडकलेले यांची बेरीज फलंदाजीच्या एकूण खेपांइतकीच भरायला हवी. दुकानदार रात्री गल्ला आणि रोजमेळ जुळवतो, तसंच हे. एकाचाही फरक पडला, तर नोंदीत कुठेतरी चूक आहे!

या ताळ्याचं टोकाचं उदाहरण पाहा: ८ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम लढतीत, यांकीज संघाचा गोलंदाज डॉन लार्सन याने ब्रुकलिन डॉजर्सच्या एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही. धावा शून्य, अडकलेले शून्य, बाद २७; आणि खेपाही बरोबर २७. यजमान यांकीजचे मात्र २४च बाद झाले, कारण यजमान संघ आघाडीवर असेल तर नववा डाव खेळतच नाही.