किरणांनी मागे ठेवलेला माग

रेडिएशन घेतलेल्या रुग्णाला काही वर्षांनी त्याच भागात दुसरा कर्करोग झाला, तर तो किरणांमुळेच झाला का, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवता येत नाही. २०१६मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी अशा १२ गाठींचा संपूर्ण डीएनए वाचला, तेव्हा दोन खुणा प्रकर्षाने दिसल्या. ठिकठिकाणी डीएनएची थोडीथोडी अक्षरे गळालेली होती आणि काही ठिकाणी दोन्ही टोकांना तुटलेला तुकडा उलटा होऊन तिथेच चिकटला होता. किरण डीएनएचे दोन्ही धागे एकदम तोडतात, आणि पेशी ते सांधताना टोके छाटते किंवा तुकडा उलटा बसवते. घाईघाईत शिवलेल्या कपड्यासारखेच हे. अशी चूक कर्करोग रोखणाऱ्या जनुकातच झाली, तर पेशीचा लगाम सुटतो.

१२ गाठी म्हणजे फारच थोडा पुरावा, हा आक्षेप रास्त आहे. पण २०२१मध्ये चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गानंतर थायरॉइडचा कर्करोग झालेल्यांच्या मोठ्या अभ्यासातही किरणांच्या मात्रेबरोबर अशा लहान गळती वाढलेल्या आढळल्या. खरी अडचण वेगळी आहे : आधीच असलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरण दिले, तरी त्यातही याच खुणा उमटतात. म्हणजे खूण पेशीवर किरण पडल्याचे सांगते. कर्करोग त्यांनीच जन्माला घातला, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. मग उपचारच नको, असे कुणी म्हणेल. तो निष्कर्ष चुकीचा आहे, कारण दुसरा कर्करोग थोड्यांनाच होतो आणि पहिला उपचाराविना बहुधा जीव घेतो.